तीनशे अकरा झाडं

नोटीस बारा दिवस टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. तेराव्या दिवशी, रविवारी सकाळी, ऋषिकेशनं ती बाहेर काढली, टेबलावर ठेवली अन् पंख्यानं उडू नये म्हणून वर रिमोट ठेवला. उत्तर द्यायले पंधरा दिवस होते. त्यातले दोन राहिले. आता सगळ्यायले बोलावल्याशिवाय इलाज नव्हता.

बेसा भागातल्या या नव्या फ्लॅटमध्ये घरचे लोक वास्तुपूजनानंतर पहिल्यांदाच जमले. धाकटा काका गिरिधर खापरखेड्याहून पोरगी अपेक्षाले घेऊन आला. पॉवर स्टेशनात चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, दहाचं बोलावलं तं पावणेदहाले दारात उभा. यमुताई सावनेरहून आली. तिघा भावंडात मोठी, एकोणऐंशीची. डोळ्याच्या ऑपरेशनले आठच दिवस झालेले, म्हणून काळा चष्मा. सोफ्यावर बसत नव्हती. "चिखलात बसल्यासारखं वाटते," म्हणे. मंग गोपिकानं आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली.

मधले मनोहरराव, ऋषिकेशचे वडील, बाल्कनीत बसले होते. घर त्यायच्या पोराचं, पण सकाळपासून ते पाहुण्यासारखे बाहेरच. खाली पार्किंग होतं अन् पार्किंगच्या पलीकडं दुसरी बिल्डिंग. तिथं काय पाहून राहिले होते, त्यायलेच माहीत.

"वाच वं," यमुताई अपेक्षाले म्हणाली.

अपेक्षा एका वकिलाकडं ज्युनियर होती. उत्तराचा मसुदा सरांनी सांगितला होता, टाइप तिनं केला होता. सरांची पद्धत अशी की जेवढे मालक, तेवढ्यायची सही आधी मसुद्यावर पाहिजे. मंग उद्या कोणी म्हणायले नको की आम्ही असं सांगितलंच नव्हतं.

"'आमचे अशील कळवितात की,'" तिनं वाचलं, "'नोटीस देणार श्री. विश्वनाथ यांस आमच्या अशिलांनी केव्हाही दलाल म्हणून नेमले नव्हते. सदर खरेदीदारासोबत त्यांनी आमच्या अशिलांची गाठ घालून दिलेली नाही. सबब दोन टक्के दलालीचा प्रश्नच उद्भवत नाही.'"

"केव्हाही म्हणजे?"

"म्हणजे कधीच नाही, आत्या."

"म्हणजे गोविंदाचा विश्वनाथ आपला दलाल कधीच नव्हता."

"तसं लिहावं लागते."

"लिहावं लागते," यमुताई म्हणाली. "बरं."

एवढंच बोलली अन् मांडीवरचा पदर सारखा करत बसली. पण गिरिधरले त्या 'बरं'ची ओळख होती. लहानपणी ताई असं 'बरं' म्हणाली की तो चड्डी सावरून पळायच्या तयारीले लागे.

"ताई, तू मनावर नको घेऊ," तो म्हणाला. "कागदाची भाषा अशीच राहते. ऑफिसात आम्ही काय काय लिवत होतो. त्याले खरं-खोटं लागत नाही."

"मंग काय लागते?"

"नियम लागते."

नियम गिरिधरले आवडत होता, कारण नियमात पैसे वाचत होते. सावनेर रस्त्यावरचा तीन एकर संत्र्याचा बगीचा एक कोटी साठ लाखाले गेला होता. दोन टक्के म्हणजे तीन लाख वीस हजार. त्याच्या हिश्शाले एक लाखाच्या वर. त्याचे पैसे अपेक्षाच्या लग्नासाठी बँकेत ठेवले होते, अन् मुदतीआधी मोडले तं व्याज कापते, हे त्यानं दोनदा जाऊन विचारून घेतलं होतं. विश्वनाथ वाईट माणूस आहे असं त्याचं म्हणणं नव्हतं. खापरखेड्याले नोकरी लागली तवा त्याची पेटी कॉलनीत कोणं पोचवली? विश्वनाथनंच, सायकलवर. पण पेटी वेगळी अन् दोन टक्के वेगळे.

"लिहापढी कुठं आहे?" ऋषिकेश म्हणाला. "एक चिठ्ठी दाखवा मले, आज चेक फाडतो. चिठ्ठी आहे का?"

"आपल्या माणसाशी चिठ्ठी कोण करते रे?" यमुताई म्हणाली. "गोविंदानं चाळीस वर्षं आपला बहार विकला. बाबानं त्याच्याशी चिठ्ठी केली असती तं तो पाणी न पिता उठून गेला असता."

"तेच म्हणतो मी, आत्या. बहार विकणं अन् जमीन विकणं एक आहे का? संत्रं दरवर्षी येते."

"हाव. जमीन एकदाच जाते."

बाल्कनीतली खुर्ची करकरली.

गोपिका स्वयंपाकघरात पाटोड्यायचं बेसन घोटत होती. तिचं या घरी लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती, अन् घरच्या जमिनीत सुनेनं बोलू नये एवढं तिले कोणी न सांगता समजलं होतं. पण कान उघडे होते. पहिल्या वर्षी सासरी आली तवा एक माणूस टोपली डोक्यावर घेऊन अंगणात उभा राहिला, "घ्या सूनबाई, दलालाचा माल," म्हणे. तिनं किती पैसे द्यायचे म्हणून विचारलं होतं. सगळं घर हसलं होतं. सगळ्यात जास्त ऋषिकेश.

"अन् सौदा त्यानंच मोडला ना," गिरिधर म्हणाला. "ते काहून विसरता?"

मोडला होता, हे खरं. मागच्या फाल्गुनात विश्वनाथनं उन्मेषशेठले बगीचा पाहायले आणलं. शेठचा गोडाऊनचा धंदा, रस्त्याले लागून जागा पाहिजे होती. मनोहररावांनी बोरीखाली गोवऱ्या पेटवून रोडगे लावले, वांग्याची भाजी केली. शेठ मांडी घालून जेवले. भाव जवळजवळ जमला होता. अन् विश्वनाथ रोडगा तुपात कुस्करता कुस्करता म्हणाला, "एक सांगून ठेवतो, शेठ. ही विहीर एप्रिलात तळाले लागते."

कोणी विचारलं नव्हतं. शेठनं हात धुतले, "कळवतो," म्हणाले अन् गेले. मनोहररावांनी त्या दिवसापासून विश्वनाथशी बोलणं टाकलं. आपला माणूस असून आपल्या विहिरीची बदनामी करते. आठ महिन्यांनी शेठचा फोन आला, तो ऋषिकेशले. त्यानं परभारे सौदा केला, अन् विश्वनाथले खबर लागली तवा रजिस्ट्री होऊन पंधरा दिवस झाले होते.

"म्हणजे पहिला सौदा त्याचा, तो मेला," ऋषिकेश म्हणाला. "दुसरा माझा. बस. अपेक्षा, कायद्यात बसते ना हे?"

अपेक्षानं पेनाचं टोपण काढलं अन् परत लावलं. ऋषिदादाले काय सांगायचं होतं ते तिनं सरांना विचारून ठेवलं होतं, पण बापासमोर सांगायची हिंमत होत नव्हती.

"बसवता येते," ती म्हणाली. "पण दादा, नुसती चिठ्ठी नाही म्हणून दावा उडत नाही. गिऱ्हाईक कोणं आणलं, हे पाहते कोर्ट. मधात आठ महिने गेले तरी शेठ त्याच्यामुळंच आला, असं निघालं तं जड जाते. म्हणून तं 'गाठ घालून दिली नाही' असं लिहिलं आहे."

"तो त्याच्यामुळं नाही आला."

"मंग बरं आहे."

ऋषिकेशनं पाण्याचा गिलास उचलला. रजिस्ट्रीच्या दिवशी, ऑफिसच्या बाहेर टपरीवर चहा पिताना, शेठनं त्याले हसत हसत सांगितलं होतं: "चार जागा पाहिल्या मी याच्यानंतर. सगळ्यायच्या विहिरी बारमाही. एकच जागा अशी की तिथं दलाल म्हणते विहीर आटते. म्हटलं, इथं खरं बोलतात. हीच घेऊ." अन् वरून म्हणाले, दलालाले मधात नका घेऊ, माझेही दोन टक्के वाचतील. ऋषिकेशनं हे घरी कोणाले सांगितलं नव्हतं. गोपिकालेसुद्धा. फ्लॅटचा हप्ता होता, बुकिंगची तारीख होती. तो पाणी प्यायला. लहानपणी विश्वनाथकाकाच्या सायकलच्या दांड्यावर बसून तो सावनेरच्या बाजारात जात होता, तवा मागं पेटीत संत्री अन् समोर हा, अन् चढावर काका म्हणत, "ऋषी, श्वास रोखून धर, वजन कमी होते." अन् हा खरंच धरत होता.

"सही करायची ना, ताई?" गिरिधरनं पेन पुढं केला.

"करते. पण आधी ते दुसरं वाचा."

"कोणतं?"

"खरेदीखत. त्याच्यावर मी सही केली तवा डोळ्यात मोतीबिंदू होता. ऋषी म्हणाला इथं कर, मी तिथं केली. आता दिसून राहिलं आहे तं ऐकून तं घेऊ द्या, काय विकलं ते."

"आत्या, चोवीस पानं आहेत," ऋषिकेश म्हणाला.

"मले कुठं जायचं आहे?"

अपेक्षानं बॅगेतून खरेदीखताची झेरॉक्स काढली. सुरुवातीची पानं भराभर गेली. नावं, वयं, आधार नंबर, चतुःसीमा. पूर्वेस सावनेर रस्ता, पश्चिमेस नाला. नाल्याचं नाव आलं तशी यमुताई हसली. त्या नाल्यातून कळशीनं पाणी आणून बाबांनी पहिली झाडं जगवली होती. बाबा म्हणजे गणपतराव. त्यायनं दोरी धरून खड्डे केले, अन् यमुताई तवा सात वर्षांची, झाडामागं अर्धी कळशी, सांडायची नाही. पुढं झाडं म्हातारी झाली, मेली, त्याच खड्ड्यात दुसरी आली. पण ओळ कधी हलली नाही.

"'सदर जमिनीतील बांधीव विहीर एक,'" अपेक्षा वाचत होती, "'बोरीची झाडे दोन, आंब्याचे झाड एक, संत्र्याची झाडे तीनशे अकरा...'"

"किती?"

"तीनशे अकरा."

"पुन्हा पाय."

"अक्षरी पण लिहिलं आहे, आत्या. तीनशे अकरा."

यमुताईनं काळा चष्मा काढला. डॉक्टरनं उजेडात काढू नका म्हणून सांगितलं होतं.

"तेरा ओळी," ती म्हणाली. "ओळीत चोवीस. कळशी घेऊन मी पाढा म्हणत जात होती. चोवीस तेरी तीनशे बारा. शाळेत मास्तरनं विचारलं तं मले तेवढाच एक येत होता."

"एखादं मेलं असन," गिरिधर म्हणाला.

"मेलं नाही. मागच्या दिवाळीले मी स्वतः गेली होती."

"तलाठ्यानं चुकीचं मोजलं असन," ऋषिकेश म्हणाला. "एका झाडानं काय होते, आत्या?"

"मोजलं कोणं?" यमुताईनं आवाज चढवला नाही. फक्त मान बाल्कनीकडं वळवली. "मनोहर. मोजलं कोणं गा?"

मनोहरराव दारात येऊन उभे होते. कधी उठले, कोणाले कळलं नाही.

"मी मोजलं," ते म्हणाले.

रजिस्ट्रीच्या दोन दिवस आधी ते एकटे बगीच्यात गेले होते. वकिलाले आकडा पाहिजे होता. प्रत्येक बुंध्याले हात लावत मोजत गेले, जसं आयुष्यभर व्यापारी आला की मोजत होते. व्यापाऱ्यासोबत मोजताना हातात गेरूची वाटी राहे. मोजलेल्या झाडाले गेरूचा पट्टा. अन् विहिरीपाशी आलं की पहिलं झाड सोडून पुढं जायचं. त्याले पट्टा नाही, त्याची मोजणी नाही, ते व्यापाऱ्याचं नाही. एका वर्षी गारपिटीनं बहार गेला होता अन् गोविंदानं दलाली घेतली नव्हती. तवा बाबा म्हणाले होते, विहिरीजवळचं झाड आजपासून तुझं, गोविंदा. दलाली घे, नको घे, झाड मोजायचं नाही. बाबा गेले, गोविंदा गेला, पण दरवर्षी झाड सुटत राहिलं. त्याची संत्री विश्वनाथ तोडी, अन् अर्धी टोपली परत यायच्याच घरी आणून टाकी.

त्या दिवशी हातात गेरू नव्हता. व्यापारी नव्हता. दलाल तं नव्हताच, त्याच्याशी बोलणं बंद होतं. तरी विहिरीपाशी आले अन् पाय आपोआप वळले.

"मी विश्वनाथचं झाड सोडलं," मनोहरराव म्हणाले. "मले आताच समजून राहिलं आहे."

आत कुकरची शिट्टी झाली.

"मंग आता वाच," यमुताई अपेक्षाले म्हणाली. "ते वरचं. 'केव्हाही'वालं."

अपेक्षानं मसुदा उचलला, पण वाचला नाही.

"दलाल नव्हता," यमुताई म्हणाली, "तं झाड कोणाचं सोडलं?"

"आत्या, झाड सोडलं म्हणून तीन लाख वीस हजार द्यायचे का?" ऋषिकेशचा आवाज जरा वर गेला. "भावनेवर बँक हप्ता माफ करत नाही. आपण ज्या घरात बसून राहिलो, त्याचे..."

"दलालाच्या झाडाचं संत्रं सगळ्यात गोड राहते," गोपिका म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताले बेसन. "तुमीच सांगितलं होतं मले. पहिल्या वर्षी. बाकी सगळ्या झाडायचं संत्रं विकायचं, अन् एकाचं खायचं, म्हणे."

ऋषिकेशनं आधी तिच्याकडं पाह्यलं. मंग बापाकडं पाह्यलं. म्हातारा दाराची चौकट धरून उभा होता अन् तिथं नसलेल्या झाडाले हात लावल्यासारखा त्याचा पंजा चौकटीवर पसरला होता.

"शेठ त्याच्यामुळंच आला," ऋषिकेश म्हणाला. एकदम म्हणाला, जसं काट्यावरचं वजन उचलून ठेवावं. "विहिरीचं खरं बोलला म्हणून आला. मले शेठनं स्वतः सांगितलं. अपेक्षा, ते 'गाठ घालून दिली नाही' खोटं आहे."

"मंग ते मी तसंच नाही ठेवू शकत, दादा," अपेक्षा म्हणाली. तिले बरं वाटलं, ते तिनं लपवलं नाही. "आता समजल्यावर नाही."

गिरिधरनं पेनाचं टोपण लावलं. मनात एक आकडा होता, तो बराच वेळ फिरला, मंग बसला.

"तिघांच्या हिश्शातून समान जाईन," तो म्हणाला. "व्याज कापलं तं कापलं. पण पावती घेऊ बाप्पा या खेपेले. आपला माणूस असला तरी."

"घे पावती," यमुताई म्हणाली. "दोन घे."

मनोहररावांनी खिशातून फोन काढला. नंबर पाहावा लागला नाही. वर्षभर लावला नव्हता, तरी बोटाले ठाऊक होता. गोपिकानं पुढं होऊन स्पीकर चालू करून दिला. चार वेळा वाजला.

"बोला, दादा."

एवढंच ऐकून मनोहरराव खुर्चीवर बसले.

"कुठं आहे बे?"

"बगीच्यात. म्हणजे, शेठच्या जागेत."

"झाडं?"

"तोडली, दादा. परवा जेसीबी आला. तीनशे अकरा तोडली."

"अन् ते?"

"उभं आहे. मी खरेदीखताची नक्कल काढली होती ना, ती शेठले दाखवली. म्हटलं, शेठ, मोजून घ्या, कागदात तीनशे अकराच हायेत. हे एक तुमच्यात आलं नाही. शेठ हसले. म्हणे, विहिरीच्या काठावर आहे, राहू द्या, चहाले सावली होईन."

यमुताईनं चष्मा परत घातला.

"नोटीस काहून दिली बे?" मनोहररावांनी विचारलं. "घरी येऊन मांगता नाही आलं? पोस्टानं पाठवते, वकिलाच्या नावानं. बाबा असते तं..."

"देणार नव्हतो, दादा. खरं सांगतो. म्हटलं, त्यायनं मले काढून टाकलं, जाऊ द्या. मंग नक्कल पाहिली. म्हटलं, काढून टाकलं असतं तं तीनशे बारा लिहिले असते. मोजताना तं मले धरलं आहे." त्याच्या बाजूनं मोटरीचा आवाज येत होता. "वर्षभर तुमी बोलून राहिले नाही. मी चारदा जुन्या घराच्या फाटकापर्यंत येऊन गेलो. म्हटलं, कागदाले तं उत्तर द्यावंच लागते माणसाले."

गिरिधर नाक शिंकरायचं निमित्त करून बाल्कनीत गेला.

"उत्तर हे आहे," मनोहरराव म्हणाले, "की विहीर खरंच एप्रिलात तळाले लागते. मी उगाच रागावलो."

"हाव."

"अन् दलाली मिळन. दोन टक्के. पोट्टी कागद करून देईन."

"ते होईन हो. दादा, झाड लदलं आहे. मी टोपली भरूनच राहिलो होतो. पण आता नेऊ कुठं, तुमचं नवं घर मी पाह्यलं कुठं आहे."

मनोहररावांनी पत्ता सांगायले तोंड उघडलं अन् थांबले. बिल्डिंगचं नाव इंग्रजी होतं, विंगचा नंबर त्यायले अजून पाठ नव्हता. ते पोराकडं पाहायले लागले.

ऋषिकेशनं खुंटीवरून गाडीची चावी काढली.

"मी आणतो त्यायले," तो म्हणाला. "काका, तिथंच थांबा. सव्वा तासात पोचतो." मंग गोपिकाकडं पाहून, "जेवायले दोन वाजतीन."

"वाजू द्या," गोपिका म्हणाली. "पाटोड्यायले तसंबी थंड व्हायले वेळ लागते."

तो चपला घालत होता, तवा यमुताईनं मागून हाक मारली.

"ऋषी, मागची सीट मोकळी ठेवजो. टोपली मोठी राहते."